फुकटच्या उन्हाचा हिशेब

ओल्या हळदीचे दहा किलो कंद घेतले, तर त्यात आठ किलोच्या आसपास नुसतं पाणी असतं. दहा टक्के ओल उरेपर्यंत ते वाळवले की हाती जेमतेम सव्वादोन किलो माल येतो, बाकीचं पावणेआठ किलो पाणी हवेत गेलेलं असतं. मसाल्यांचा आणि वनौषधींचा धंदा बऱ्याच अंशी हे पाणी किती काळजीने घालवलं यावर चालतो. रंग, वास, औषधी गुण आणि टिकाऊपणा, सगळं त्या काही दिवसांत ठरतं.

वर्धा जिल्ह्याला हे नव्याने सांगायला नको. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगाव (हळद्या) या गावाची ओळखच हळदीची. वर्ध्याजवळचं वायगाव (निपाणी) ते वेगळं. वायगावच्या हळदीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, सांगलीच्या हळदीच्याही दोन वर्षं आधी. या हळदीत कुरकुमिनचं प्रमाण सहा टक्क्यांहून जास्त भरतं आणि तिचा गडद पिवळा रंग तिथूनच येतो. कुरकुमिन जमीन आणि वाण देतात. ते ग्राहकाच्या डब्यापर्यंत पोहोचवायचं काम मात्र काढणीनंतरच्या हातांचं.

काढणी झाली की कंद शिजवतात. शिजलेली हळद उघड्यावर पसरतात आणि दहा-पंधरा दिवस उलथापालथ करत राहतात. संध्याकाळी ढीग करून झाकायचा, सकाळी पुन्हा पसरायचा. नेमका याच दिवसांत, फेब्रुवारी-मार्चमध्ये, विदर्भात अवकाळी पाऊस येतो, कधी गाराही पडतात. शिजलेलं हळकुंड एकदा भिजलं की बुरशीला मोकळं रान मिळतं. ऊन फुकट असलं तरी राखण, मजुरी आणि बिघडलेला माल फुकट नसतो, हा हिशेब इथून सुरू होतो.

वाळवतं कोण: ऊन की हवा?

वाळवणाला उष्णता लागते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. उष्णतेइतकीच वाहती हवा लागते, याकडे मात्र दुर्लक्ष होतं आणि घरी बनवलेले बरेच सोलर ड्रायर, म्हणजे उन्हाच्या उष्णतेवर माल वाळवणाऱ्या पेट्या, तिथेच फसतात.

तीस अंशांची हवा घ्या, तिची आर्द्रता 60 टक्के धरा. हीच हवा पन्नास अंशांपर्यंत तापवली, तर तिच्यातलं पाणी तेवढंच राहतं, पण आणखी पाणी सामावून घेण्याची तिची ताकद वाढते. आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास उतरते. अशी तहानलेली हवा ओल्या मालावरून गेली की पाणी उचलते. पाण्याची वाफ होताना उष्णता खर्च होते, म्हणून हवा गार होत जाते आणि तिची तहानही भागते. आता ती बाहेर पडायलाच हवी. पडली नाही, तर ड्रायरच्या काचेला आतून घाम सुटतो, थेंब मालावर टपकतात आणि माल वाळण्याऐवजी वाफवला जातो.

हवा लागते तरी किती? वरच्या उदाहरणात एक घनमीटर हवा एका फेरीत सहा-सात ग्रॅम पाणी नेते. पावणेआठ किलो पाणी घालवायला सुमारे 1200 घनमीटर हवा झाली. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंचीच्या खोलीत 28 घनमीटर हवा मावते. म्हणजे दहा किलो ओल्या हळदीसाठी अशा चाळीसहून जास्त खोल्यांतली हवा तापवून मालावरून फिरवायची. ड्रायरला खाली हवा आत यायची भोकं आणि वर धुराडं कशाला, त्याचं उत्तर या आकड्यात आहे. गरम हवा हलकी होऊन धुराड्यातून वर जाते आणि तिच्या जागी खालून ताजी हवा ओढली जाते. जिथे ही ओढ पुरत नाही तिथे लहान पंखा बसवतात, आणि तो सौर पॅनलवर चालत असेल तर ऊन वाढेल तसा आपोआप जोराने फिरतो.

उष्णतेचा हिशेबही तितकाच सरळ. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे 2400 किलोज्यूल ऊर्जा लागते. विदर्भात वर्षभराची सरासरी काढली, तर एका चौरस मीटरवर दिवसाला पाच युनिटच्या आसपास सूर्यऊर्जा पडते. एक युनिट म्हणजे 3600 किलोज्यूल. साध्या ड्रायरने त्यातली 30 टक्के कामी लावली, तरी चौरस मीटरमागे दिवसाला दोन-सव्वादोन किलो पाणी निघतं. कोणी एक चौरस मीटरची पेटी दाखवून ‘यात रोज दहा किलो टोमॅटो वाळतात’ असं सांगू लागला, तर एवढी आकडेमोड पुरेशी आहे. दहा किलो टोमॅटोत साडेनऊ किलोच्या आसपास पाणी असतं.

उघड्यावरचं नुकसान

मे महिन्यात वर्ध्यात पारा 45 अंशांच्या वर जातो. नवतप्यात तर गच्चीवर टाकलेली कुरडई दिवसभरात खडखडीत होते. मग ड्रायर हवाच कशाला? कुरडई, पापड, सांडग्यांना तो नसला तरी चालतं. घरच्या वाळवणाची सगळी रीत याच उन्हावर बेतलेली आहे आणि ती चोख आहे. विकायच्या पानाला, मुळाला, फळाच्या कापाला मात्र तेच ऊन महागात पडतं.

पहिलं नुकसान उजेडाचं. थेट उन्हात हिरव्या पानातलं हरितद्रव्य उडतं आणि मेथी पिवळट पडते. जीवनसत्त्व ‘अ’ ज्यापासून बनतं ते बीटा-कॅरोटीन उजेडाने नासतं. हळदीतलं कुरकुमिनही प्रखर उजेडाला टिकत नाही. जाणते वैद्य तुळस, अडुळसा, पुदिना सावलीत वाळवायला सांगतात ते यासाठीच.

दुसरं नुकसान घाईचं. ओला काप एकदम तीव्र उन्हात पडला की वरची साल कडक होते आणि आतलं पाणी अडकून बसतं. काप हाताला वाळल्यासारखा लागतो, डबा भरला जातो आणि पंधरा दिवसांनी आतून बुरशी वर येते.

तिसरं नुकसान धुळीचं, माश्यांचं, पाखरांचं आणि रात्रीच्या दवाचं. दिवसभर गेलेली ओल पहाटे थोडी परत येते. अर्धवट ओल्या मिरचीच्या ढिगात ॲस्परजिलस जातीची बुरशी वाढते आणि अफलाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते तळून, भाजून जात नाही. निर्यातीला पाठवलेला माल त्यापायी परत येतो.

बुरशी आणि जिवाणू एकूण ओलीवर नव्हे, मोकळ्या पाण्यावर जगतात. पदार्थाला घट्ट बांधलेलं पाणी त्यांच्या कामाचं नसतं. अन्नतंत्रज्ञ हे मोकळं पाणी शून्य ते एक अशा मापात मोजतात. शुद्ध पाण्याचं माप एक. बहुतेक जिवाणू 0.9 च्या खाली थांबतात, बहुतेक बुरश्या 0.7 च्या आसपास, आणि 0.6 च्या खाली काहीच वाढत नाही. ड्रायरचं काम मालाला या रेषेखाली नेणं. ते लवकर व्हावं, म्हणजे बुरशीला वेळ मिळत नाही, पण इतकंही लवकर नको की साल कडक होईल.

पेटी, बोगदा आणि काळा ट्रे

सोलर ड्रायरचे प्रकार अनेक असले तरी प्रश्न दोनच: ऊन मालावर थेट पडतं का, आणि हवा आपोआप फिरते की पंख्याने?

सगळ्यात सोपी ती काचेच्या झाकणाची पेटी. कॅनडातल्या ब्रेस संशोधन संस्थेने 1960च्या दशकात अशा पेटीचा आराखडा गरीब देशांतल्या शेतकऱ्यांसाठी तयार केला आणि तो जगभर गेला. लाकडी पेटी, आतून काळा रंग, तळाला आणि मागच्या बाजूला वर भोकं, मध्ये जाळीचा ट्रे. गावच्या सुताराकडून ती करून घेता येते. वर्धा 20.75 अक्षांशावर असल्यामुळे झाकण दक्षिणेकडे वीस-पंचवीस अंशांचा उतार देऊन ठेवलं, की वर्षभराचं ऊन बऱ्यापैकी पदरात पडतं. हिवाळ्यात उतार थोडा वाढवावा. आवळा, कैरी, कांदा यांना ही पेटी पुरते.

पानांना आणि हळदीच्या कापांना दुसरा प्रकार हवा. त्यात हवा आधी काळ्या पत्र्याच्या तिरप्या खोक्यात तापते आणि मग बंद कपाटातल्या ट्रेंवरून वर जाते. माल अंधारातच राहतो. सावलीत वाळवण्याची जुनी रीत इथे वेग घेऊन येते.

माल क्विंटलने असेल तर बोगदा. लोखंडी कमानींवर अतिनील किरणांना टिकणारा 200 मायक्रॉनचा प्लास्टिक कागद ताणायचा, एका टोकाला हवा आत, दुसऱ्या टोकाला पंखा किंवा धुराडी. जर्मनीतल्या होहेनहाइम विद्यापीठाने 1980च्या दशकात बुटके बोगदे विकसित केले आणि उष्ण प्रदेशांत फळं वाळवायला ते पसरले. बोगदा उंच बांधला तर आत माणूस उभा राहून काम करू शकतो, ट्रॉली ढकलू शकतो. हळद, मिरची, संत्र्याची साल अशा मालाला हा सोयीचा.

चौथा प्रकार महाराष्ट्राचा. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत शिकलेल्या वैभव तिडके आणि त्यांच्या सोबत्यांनी सौर वहन ड्रायर बनवला. यात माल काळ्या धातूच्या ट्रेवर पातळ थरात पसरतात. ट्रे तापतो आणि खालून थेट मालाला उष्णता देतो, वरून हवा ओल घेऊन जाते. वीज लागत नाही. त्यांच्या ‘एस-फोर-एस टेक्नॉलॉजीज’ या कंपनीला 2023 साली अर्थशॉट पुरस्कार मिळाला. बक्षीस मोठं होतं, पण वर्ध्यातल्या गटांनी पाहावी ती त्यांची व्यवहाराची घडी. गावातल्या बायका ड्रायर चालवतात आणि वाळलेला माल कंपनी विकत घेते. यंत्राआधी खरेदीदार ठरलेला असतो.

मगनवाडीचा विचार

गावचा माल गावातच पक्का व्हावा, हा विचार वर्ध्यात नव्वद वर्षं मुरलेला आहे. डिसेंबर 1934 मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ वर्ध्यात स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेत त्याचं काम सुरू झालं आणि मगनलाल गांधींच्या आठवणीसाठी तिला मगनवाडी नाव मिळालं. संघाचा गाडा हाकला जे. सी. कुमारप्पा यांनी. घाण्याचं तेल, हातसडीचा तांदूळ, हातकागद, मधमाशा, वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप, असे प्रयोग इथे झाले.

कुमारप्पांनी 1945 साली प्रसिद्ध झालेल्या ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ या पुस्तकात साधनांचे दोन वर्ग पाडले. कोळसा, तेल, खनिजं यांचा साठा ठरलेला, वापराल तेवढा घटतो. नदीचं वाहतं पाणी, जंगलाची वाढ हा ओघ आहे, त्यातला वाढावा घेतला तर मूळ अबाधित राहतं. उन्हाला त्यांच्या दुसऱ्या वर्गात सहज जागा आहे. डिझेलवर किंवा जंगलतोडीच्या लाकडावर हळद वाळवणं म्हणजे वाढावा सोडून मुद्दल खाणं.

पुढे देवेंद्रकुमार यांनी 1976 मध्ये वर्ध्यात ‘सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस’ सुरू केलं. मगनवाडीतच 2008 पासून महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था काम करते. तिच्या विभागांत एक ग्रामीण ऊर्जेचा आहे आणि एक जैवप्रक्रिया व वनौषधींचा. सोलर ड्रायर नेमका या दोघांच्या बांधावरचा विषय. सेलसुऱ्याचं कृषी विज्ञान केंद्र जिल्ह्यातच आहे आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात अपारंपरिक ऊर्जेचा स्वतंत्र विभाग आहे. सल्ला विचारायला लांब जावं लागत नाही.

प्रत्येकाचा वेगळा पारा

तुळशीचा वास ज्या तेलातून येतो, ते 45 अंशांच्या पुढे हवेबरोबर निघून जातं. तुळस, पुदिना, गवती चहा यांना 35 ते 45 अंश बस. अडुळसा, शेवगा, कढीपत्ता यांनाही त्याच्या फार वर नेऊ नये. बियाण्यासाठी ठेवायचं बी चाळिशीच्या आतच राहायला हवं, नाहीतर उगवण मार खाते. कैरी, आवळा, कांदा, टोमॅटो पन्नास ते साठ अंश सहज सोसतात. हळदही साठच्या वर नेऊ नये. म्हणून ड्रायरमधली पहिली खरेदी तापमापीची, आणि ती ट्रेच्या उंचीवर टांगायची, झाकणाला चिकटवायची नाही.

मुळांची आणि खोडांची तयारी वाळवण्याआधीच करावी लागते. शतावरीची साल ताजेपणीच निघते, थोडं उकळलं की सोपं जातं, आणि मधला दोरा काढून टाकायचा. अश्वगंधेची मुळं बोटाएवढ्या तुकड्यांत कापतात. गुळवेलीचे तुकडे जाड राहिले तर आतून काळे पडतात.

हळदीच्या कापांची एक खेप जवळून पाहू. शिजवलेल्या कंदाचे तीन ते पाच मिलिमीटरचे काप केले, की पाण्याला बाहेर यायची वाट तोकडी होते. चौरस मीटरच्या ट्रेवर तीन-चार किलोच टाकायचे, काप एकमेकांवर चढू द्यायचे नाहीत. पहिल्या दिवशी वरचं मोकळं पाणी भराभर जातं. या वेळी भोकं पूर्ण उघडी हवीत, हवा जास्त, पारा मध्यम. दुपारी काप कडेने वळायला लागतात, मधोमध गडद डाग राहतो, तो अडकलेल्या ओलीचा. खालचे ट्रे वर आणि वरचे खाली करायची वेळ हीच, कारण ताजी गरम हवा खालच्या ट्रेला आधी मिळते. दुसऱ्या दिवशी पाणी हळूहळू सुटतं. आता भोकं थोडी आवळून पारा वाढवता येतो. काप मोडल्यावर कट् असा आवाज आला आणि मधला डाग गेला, की झालं. पूर्ण हळकुंडाला लागणारे दहा-पंधरा दिवस इथे दोन-तीनवर येतात.

लगेच डबा भरायचा नाही. सावलीत थंड करून माल काचेच्या बरणीत रात्रभर बंद ठेवायचा. सकाळी काचेला आतून दमटपणा दिसला तर परत ट्रेवर. कोरडी निघाली तर उजेड आत न येऊ देणाऱ्या पिशवीत हवाबंद. वाळलेला माल उघडा राहिला तर एका दमट रात्रीत दोन दिवसांचं काम वाया जातं.

कापलेल्या हळदीला अखंड हळकुंडाचा बाजार मिळत नाही, ती पूड किंवा अर्क करणाऱ्याकडेच जाते. हे आधी ठरवूनच सुरी हातात घ्यावी.

पैशाचा हिशेब

ओल्या मालाचे किती किलो मिळून एक किलो वाळलेला होतो, हा आकडा पाठ असावा. हळदीचे साडेचार. कांद्याचे सात. मेथीचे काड्या निवडल्यावर दहाच्या आसपास. टोमॅटोचे सोळा. मेथी बाजारात रुपयाला विकली जात असेल, तर वाळलेली मेथी दहा रुपयांना गेली तरी नफा शून्य. त्यावर निवडणं, धुणं, पसरणं, पिशवी, वाहतूक असं सगळं चढतं. म्हणजे ड्रायर फायद्याचा दोनच ठिकाणी: जिथे ओल्या मालाला त्या आठवड्यात भावच नाही, किंवा जिथे वाळलेल्या मालाची किंमत रंग आणि गुणावर ठरते. वनौषधी दुसऱ्या गटात बसतात, डिसेंबर-जानेवारीतली मेथी-पालक पहिल्यात. कारंजा, आष्टी, आर्वीकडच्या संत्र्याची फेकली जाणारी साल दोन्हीत बसते. कच्चा माल जवळपास फुकट, आणि उटणं-सौंदर्यप्रसाधनं करणाऱ्यांना स्वच्छ, केशरी साल हवी असते.

ड्रायर वर्षातून किती दिवस भरलेला असतो, हा दुसरा आकडा. नोव्हेंबर-डिसेंबरला अंबाडीची बोंडं आणि आवळा, मग पालेभाज्या, जानेवारी ते मार्च हळद, मार्च-एप्रिलला मोहफुलं, मेमध्ये कैरीचं आमचूर. अशी साखळी जमली तर सात महिने काम निघतं. एकाच पिकासाठी मोठा बोगदा उभारला तर तो दहा महिने रिकामा उभा राहतो, आणि प्लास्टिक कागद मात्र भरलेला असो की रिकामा, झिजतच असतो.

जून ते सप्टेंबर उन्हाचा भरवसा नसतो. या दिवसांसाठी ड्रायरला बाजूने चूल जोडता येते. वर्ध्यात जळणाला पऱ्हाटी आणि तुराट्या आहेत, एरवी बांधावर पेटवल्या जातात त्याच. एकच पथ्य: चुलीचा धूर पाइपातून बाहेर जावा आणि पाइपाच्या उष्णतेने हवा तापावी. धुरकट वास लागलेली तुळस औषधवाला घेत नाही.

प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत 35 टक्के, जास्तीत जास्त दहा लाख रुपये अनुदान मिळतं. त्याने यंत्र स्वस्त होतं, माल विकला जात नाही. म्हणून गटाने आधी वजनकाटा घ्यावा, आपल्या मालाचे ओले-वाळलेले किलो स्वतः मोजावेत आणि तो नमुना घेऊन दोन-तीन खरेदीदारांचे उंबरे झिजवावेत. तोवर सुताराच्या पेटीत एक हंगाम काढावा. त्यात बिघडलेला माल किलोत मोजता येतो. मोठ्या ड्रायरच्या कर्जाचा हप्ता मात्र, ट्रेवर माल असो वा नसो, दर महिन्याला भरावा लागतो.